कोळंबीच्या रोगाची पट्टी आणि ठाणे-नवी मुंबईत इन्क्युबेटरचा शोध

सागरगोटी

नमस्कार मंडळी.

मी ऐरोलीला राहते, एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत मायक्रो क्यूसीला आहे, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या तपासणीला. सासर वडखळच्या पुढे, तिथे दिरांची कोळंबीची तळी आहेत. व्हाइट स्पॉट या विषाणूच्या रोगाने अख्खं पीक गेलं, तेव्हापासून एक विषय डोक्यात घोळतोय. तळ्याच्या काठावर उभं राहून दहा-पंधरा मिनिटांत 'आहे की नाही' सांगणारी पट्टी बनवायची. गरोदरपणाच्या चाचणीची असते तशीच, लॅटरल फ्लो. माझा एमएस्सीचा वर्गमित्र अशा पट्ट्या बनवणाऱ्या कंपनीत होता, त्याने नोकरी सोडलीय. विषाणूच्या आवरणावरचं व्हीपी२८ हे प्रथिन पकडायचं असा आमचा आराखडा आहे. ते प्रथिन ई. कोलाय जिवाणूमध्ये बनवून घ्यायचं, त्यावर अँटिबॉडी, आणि मग पट्टी.

आता अडलंय ते जागेपाशी. महाप्याच्या एका बिझनेस पार्कातल्या अॅक्सिलरेटरने आम्हाला घ्यायची तयारी दाखवलीय. बारा आठवडे, मेंटॉर, बसायला टेबल, शेवटी गुंतवणूकदारांसमोर डेमो डे. बदल्यात कंपनीतला ६ टक्के हिस्सा, आणि त्यांच्याकडून '१० लाखांच्या सेवा'. नाव घेत नाही.

मुलगी तिसरीत आहे, त्यामुळे रोज घरी परतता येईल असंच काहीतरी हवंय. ठाणे-नवी मुंबईत जैवतंत्रज्ञानाचा बरा इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपनीला जागा आणि लॅब देणारं केंद्र, कुठला? की पवईच गाठावी? पुण्याचं फार ऐकलंय, पण रोज कसं जमणार? की रबाळ्यात छोटा गाळा घेऊन स्वतःचीच लॅब थाटावी? अनुभवी लोकांनी सांगावं.

रबाळेकर

गाळ्याचं आधी सांगतो, कारण तो विचार तुम्ही आजच सोडाल तर बरं.

भाडं हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. थ्री फेज वीज, जनरेटर (उणे ऐंशीचा फ्रीजर एक रात्र बंद पडला की तुमच्या अँटिबॉडीचं काय होतं ते तुम्हीच सांगा), प्रदूषण मंडळाचा कन्सेंट टू एस्टॅब्लिश, मग कन्सेंट टू ऑपरेट, अग्निशमनाचा दाखला. वर जैववैद्यकीय कचरा. २०१६च्या नियमांप्रमाणे सूक्ष्मजीवांचा कचरा आधी तुमच्याच जागेत निर्जंतुक करावा लागतो, मगच पिवळ्या पिशवीतून सामाईक केंद्राच्या गाडीत. म्हणजे ऑटोक्लेव्ह आला, त्याचं व्हॅलिडेशन आलं, रजिस्टर आलं.

आणि ई. कोलायमध्ये विषाणूचं प्रथिन बनवणार म्हणताय, म्हणजे १९८९चे जनुक-बदलाचे नियम लागू. संस्थेची जैवसुरक्षा समिती, आयबीएससी, लागते. त्यात जैवतंत्रज्ञान विभागाचा एक प्रतिनिधी असतो. दोघांच्या कंपनीने गाळ्यात बसून ही समिती उभी करायची? इन्क्युबेटरची असेल तर तुमचा प्रस्ताव तिच्यासमोर जाऊ शकतो. कुठल्याही इन्क्युबेटरला पहिला प्रश्न हा विचारा. उत्तराआधी समोरचा 'म्हणजे काय' म्हणाला तर चहा पिऊन उठा.

मृगशीर्ष

रबाळेकरांना +१. मी माणसांच्या डायग्नॉस्टिक किटमध्ये आहे, दोन वेगवेगळ्या इन्क्युबेटरमध्ये राहून बाहेर पडलेय, म्हणून जरा लांबण लावते.

सागरगोटी, तुम्ही 'कुठे' विचारताय. 'काय अडणार आहे' हे आधी विचारा. लॅटरल फ्लो पट्टी बनवताना तुम्हाला सगळ्यात जास्त छळणार आहे ती हवा. नवी मुंबईची पावसाळ्यातली हवा!

नायट्रोसेल्युलोजचा पडदा, सोन्याच्या कणांचा कॉन्ज्युगेट पॅड, शोषक पॅड, सगळे कागदाच्या जातीचे. दमट हवा मिळाली की पाणी ओढतात. कॉन्ज्युगेट वाळवून ठेवलेला असतो, तो ओलावला की प्रवाह बिघडतो, टेस्ट लाइन फिकी पडते, कधी कंट्रोल लाइनच येत नाही. म्हणून जोडणी आणि पाऊच सील करण्याची खोली साधारण ३० टक्क्यांच्या खाली आर्द्रतेवर ठेवतात. आपल्याकडे जुलैत बाहेर ८५-९० असते. साधा एसी हे काम करत नाही, खोलीला वेगळा डीह्युमिडिफायर लागतो, दार उघडझाप करणाऱ्यांना शिस्त लागते.

आता गंमत बघा. बहुतेक जैव-इन्क्युबेटरमध्ये तुम्हाला बीएसएल-२ खोली दाखवतील, बायोसेफ्टी कॅबिनेट दाखवतील, पीसीआर मशीन, फ्रीझ ड्रायर, सगळं चकचकीत. ड्राय रूम विचारली की मॅनेजर आणि टेक्निशियन एकमेकांकडे बघतात. मी होते त्या पहिल्या ठिकाणी (नाव नको) तर माहितीपत्रकातला ऑटोक्लेव्ह 'सर्व्हिसिंगला' होता. भाडं मात्र महिन्याच्या पाच तारखेला वेळेवर मागायचे. आम्ही मीडिया निर्जंतुक करायला शेजारच्या कॉलेजात डबे घेऊन जायचो.

म्हणून पाहणीला जाल तेव्हा यंत्रांची यादी मागू नका, लॉगबुक मागा. प्रत्येक यंत्राला वही असते, कुणी कधी वापरलं त्याची. सेंट्रीफ्यूजच्या वहीत गेल्या महिन्यात चार नोंदी असतील तर तो सेंट्रीफ्यूज शोभेचा आहे. रोज नोंदी असतील तर तुमचा नंबर कधी लागणार ते विचारा. कॅलिब्रेशनचं लेबल बघा, तारीख उलटून गेलेली असते बऱ्याचदा. तुम्ही क्यूसीवाल्या आहात, तुम्हाला हे शिकवायला नको.

बारा आठवड्यांच्या अॅक्सिलरेटरबद्दल: ते अॅपवाल्यांच्या वेगाने आखलेलं असतं. तुमच्या पट्टीला बारा महिन्यांची मुदत छापायची असेल तर खऱ्या तापमानाला बारा महिने ठेवून तपासावीच लागते. ३७ किंवा ४५ अंशांवर ठेवून अंदाज बांधता येतो, तेवढ्यावर सुरुवात करता येते, पण खरा डेटा मागाहून जोडावाच लागतो. कॅलेंडरला लाच देता येत नाही. डेमो डेला तुमच्याकडे दाखवायला पीपीटी असेल, पट्टी नसेल.

बापू_खारघर

राग मानू नका, पण हे इन्क्युबेटर-अनुदान प्रकरण मला पटत नाही. बँकेत लघुउद्योगाची कर्जं बघण्यात माझी नोकरी गेली. ज्याला गिऱ्हाईक आहे त्याला इन्क्युबेटर लागत नाही, ज्याला नाही त्याला कितीही उबवा. फुकटच्या पैशाने लोक तीन-तीन वर्षं 'स्टार्टअप' राहतात. टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यात दिघ्यापासून नेरुळपर्यंत जे कारखाने उभे राहिले त्यांना कुणी मेंटॉर दिले होते?

मृगशीर्ष

बापू, टीटीसीतल्या बऱ्याच कारखान्यांनी बाहेरून तंत्रज्ञान आणलं, यंत्र बसवलं, माल काढला. इथे तंत्रज्ञानच सिद्ध व्हायचंय. तुमच्याच बँकेत कुणी 'अँटिबॉडी चालेल की नाही ठाऊक नाही, ४० लाख द्या' म्हणून आला असता तर दिले असते?

बापू_खारघर

नसते दिले. आणि योग्यच केलं असतं. :)

मृगशीर्ष

झालं तर. बँकेने देऊच नये असे पैसे आहेत हे, म्हणूनच ते अनुदान म्हणून येतात.

बायरॅक ही केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ साली काढलेली कंपनी, तिची बिग नावाची योजना आहे. ५० लाखांपर्यंत, दीड वर्षासाठी, हिस्सा घेत नाहीत. कल्पना प्रयोगात उतरते का एवढंच सिद्ध करायला. अर्ज साधारण १ जानेवारीला आणि १ जुलैला उघडतात. पैसे टप्प्याटप्प्याने येतात, ठरवलेलं काम झालं हे दाखवल्यावर पुढचा हप्ता. त्यामुळे मधल्या काळाचा पगार-पाणी हाताशी ठेवूनच उडी मारा. पुढे त्यांचाच सीड फंड आहे ३० लाखांपर्यंत, नंतर लीप १ कोटीपर्यंत, पण ते दोन्ही इन्क्युबेटरमार्फत गुंतवणूक म्हणून येतात, अनुदान म्हणून नाही. इन्क्युबेटर निवडताना तो बायरॅकच्या यादीतला, बायोनेस्ट या त्यांच्या इन्क्युबेटरसाठीच्या योजनेतला आहे का, हे बघण्याचं खरं कारण हे.

सीए_कोलशेत

६ टक्क्यांचा हिशेब कुणी केला नाही अजून, म्हणून मी येतो.

'१० लाखांच्या सेवा' म्हणजे रोख शून्य. टेबल, वायफाय, मेंटॉरचे तास, क्लाउडचे क्रेडिट, एखाद्या वकिलाचा सवलतीचा दर. या सगळ्याला किंमत तेच लावणार. तुम्ही क्लाउडचं काय करणार, कोळंबीला? ६ टक्के १० लाखांना म्हणजे कंपनीचं मूल्य झालं १ कोटी ६६ लाखांच्या आसपास, आणि त्यातला एक रुपयाही तुमच्या खात्यात नाही. जैव कंपनीला पुढे चार-पाच वेळा पैसे उभे करावे लागतात, दर वेळी तुमचा वाटा घटतो. पहिल्याच पायरीला ६ देऊन बसलात तर पुढच्या गुंतवणूकदाराचा पहिला प्रश्न तोच असेल.

करारात दोन गोष्टी शोधा. एक, त्यांचा हिस्सा पुढच्या फेरीत पातळ होणार की ६ चा ६ राहणार. 'अँटी-डायल्युशन' शब्द दिसला की थांबा. दोन, तुम्ही मधेच सोडलंत तर हिस्सा परत येतो का. बहुतेक वेळा येत नाही.

ते कन्व्हर्टिबल नोट (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज) म्हणाले तर लक्षात ठेवा, नियमाप्रमाणे ती एका व्यक्तीकडून एकरकमी किमान २५ लाखांची लागते आणि कंपनी डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची, मान्यताप्राप्त स्टार्टअप असावी लागते. १० लाखांची 'नोट' असं काही नसतं. एंजल टॅक्सची (चढ्या भावाने शेअर देऊन घेतलेल्या गुंतवणुकीवरच्या कराची) भीती कुणी घालत असेल तर तो २०२४च्या जुलैच्या बजेटमध्ये रद्द झालाय.

सरकारी संस्थांमधले इन्क्युबेटरसुद्धा थोडा हिस्सा घेतात, ते गैर नाही. पण तिथे बदल्यात चालू असलेली लॅब मिळते.

नौपाडा_नाका

सागरगोटी ताई, मी पेटंटचं काम करते. तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य वाचून दचकले: 'औषध कंपनीत मायक्रो क्यूसीला आहे'. आहे, म्हणजे अजून नोकरीत. नेमणूकपत्र काढा आणि बौद्धिक संपदेचं कलम वाचा. काही कंपन्या नोकरीच्या काळात लावलेल्या कुठल्याही शोधावर हक्क सांगतात, विषयाचा संबंध असो वा नसो. ऑफिसच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या मेलवर, ऑफिसच्या पिपेटने यातलं काही करू नका. वर्गमित्राचंही तसंच. तो ज्या कंपनीत होता तिथली कॉन्ज्युगेटची कृती डोक्यात घेऊन आला असेल तर गोपनीयतेचा करार नोकरीनंतरही चालतो.

दुसरं, डेमो डे. पेटंटचा अर्ज भरायच्या आधी स्लाइडवर सगळं दाखवलंत तर नावीन्य गेलं. आधी तात्पुरता अर्ज टाका. स्टार्टअपला ऑनलाइन फी १६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८०००. मग बारा महिन्यांत पूर्ण तपशील. तोवर बोला हवं तितकं, फक्त अर्जात लिहिलंय तेवढंच.

तिसरं सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. विषाणू तुम्ही पेणच्या तळ्यातल्या कोळंबीतून घेणार ना? भारतातली जैविक संसाधनं वापरून पेटंट घ्यायचं तर जैवविविधता कायदा येतो. चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे पेटंट मंजूर होण्याआधी नोंदणी करावी लागते. चांगल्या इन्क्युबेटरमध्ये हे सांगणारा माणूस आठवड्यातून एकदा तरी बसतो. फक्त 'आयपी मेंटॉर' अशी पाटी असेल तर त्याने शेवटचा अर्ज कधी लिहिला ते विचारा.

सागरगोटी

बाप रे. धन्स सगळ्यांना. नेमणूकपत्र काल रात्रीच काढलं, कलम आहे, बऱ्यापैकी रुंद आहे. नौपाडा ताई, व्यक्तिगत निरोप करते.

एक शंका. आमची चाचणी माणसांची नाही, कोळंबीची. म्हणजे औषध नियंत्रकाच्या परवान्यातून सुटलो ना? त्या अॅक्सिलरेटरवाल्यांनी तसंच सांगितलं: 'नॉन-ह्युमन, नो रेग्युलेशन'.

रबाळेकर

इतकं सोपं नाही. २०१७चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत, आणि ११ फेब्रुवारी २०२०च्या अधिसूचनेत उपकरणाची व्याख्या 'माणसं किंवा प्राणी' अशी आहे. कोळंबी त्यात बसवतात की नाही हे मी किंवा तो मेंटॉर ठरवणार नाही. सीडीएससीओला, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकाच्या कार्यालयाला, लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या, फाइलला लावा. परवाना लागतो म्हणाले तर चाचणीपुरता माल बनवायला एमडी-१२ अर्ज, एमडी-१३ लायसन्स. तोंडी 'नो रेग्युलेशन' सांगणाऱ्याला तेच ईमेलवर लिहून द्यायला सांगा. देणार नाही.

खाडीपलीकडचा

जागांबद्दल कुणीच धड सांगत नाहीये, म्हणून माझ्या माहितीतलं.

पवईला आयआयटीचं साइन हे इन्क्युबेशन केंद्र, २००४ पासून आहे. तिथेच बेटिक, पण ते उपकरणांचं: स्टेथोस्कोप, कृत्रिम अवयव, शस्त्रक्रियेची साधनं. रसायन-अँटिबॉडीवाल्यांना तिथे कमी. ऐरोलीहून पूल ओलांडून मुलुंड आणि पुढे जेव्हीएलआर, ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे. विद्याविहारला सोमय्याचं रिडल, तेही इन्क्युबेटर, त्यांच्याकडे जैव लॅब आहे, ऐरोलीहून ठाण्याला जाऊन सेंट्रल पकडली की झालं. वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था, म्हणजे सीआयएफई. माशांचं-कोळंबीचं ज्ञान सगळं तिथे, आणि कृषी-व्यवसाय इन्क्युबेशन केंद्रही आहे. तुमचा विषय बघता पहिला फोन तिथे करायला हवा होता असं मला वाटतं. पुण्याचं व्हेंचर सेंटर एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात, २००७ पासून, बायरॅकचं प्रादेशिक केंद्रही तिथेच. बिगसाठी ते भागीदार आहेत. भागीदार पुण्याचा घेतला म्हणून रोज पुण्याला जावं लागतं असं नाही, लॅब दुसरीकडे असू शकते.

खारघरला अॅक्ट्रेक आहे, टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र. तुमच्या कामाचं नाही, पण या पट्ट्यात काय होऊ शकतं ते बघायचं तर तेच. नेक्सकार१९ ही रक्ताच्या कॅन्सरवरची कार-टी उपचारपद्धती, रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देतात ती. संशोधन पवईला, इम्युनोअॅक्ट ही कंपनी २०१८ मध्ये आयआयटीतून निघाली, साइनमध्ये वाढली. पहिल्या रुग्णाला २०२१ च्या जूनमध्ये टाटाकडे दिली, २०२३ च्या ऑक्टोबरात मंजुरी, उत्पादन नवी मुंबईत. अमेरिकेत याच प्रकारच्या उपचाराला ३ कोटींच्या वर लागतात, इथे त्याच्या काही अंशात होतं.

बापू_खारघर

हे मात्र मान्य. त्यांच्या चाचणीला सरकारने १९ कोटी १५ लाख दिले होते, हे पेपरात वाचलेलं आठवतंय. पण मागे आयआयटी आणि टाटा उभे होते हो. सागरगोटीबाईंच्या मागे दीर उभे आहेत.

पेणचा_बंड्या

दिरांना हसू नका बापू, ग्राहक तेच आहेत. :D

मी स्वतः कोलंबी करतो, व्हनामी जातीची. धागा बहिणीने पाठवला. तुम्ही सगळे जागेवरून भांडताय, मी वेगळंच विचारतो. वहिनी, ही पट्टी मी कधी वापरायची?

व्हाइट स्पॉट कसा येतो सांगतो. आधी खाद्य कमी होतं. सकाळी चेक ट्रे वर काढला की दाणे तसेच पडलेले. मग कोलंबी काठाला येते, दिवसाढवळ्या, कडेच्या उथळ पाण्यात सुस्त पडून राहते. कवच ढिलं. मग ठिपके. तिथून तीन ते दहा दिवसांत तळं साफ. आता मला सांगा, कडेला कोलंबी आली तेव्हा मला पट्टी काय सांगणार? ते मी डोळ्यांनी बघतोय. त्या वेळेला मी व्यापाऱ्याला फोन करतो आणि मिळेल त्या भावाला, मिळेल त्या काउंटला (किलोत किती नग) हार्वेस्ट मारतो. औषध नाही त्याला.

मला चाचणी हवी ती बीज टाकायच्या आधी. बीज येतं तामिळनाडू-आंध्रच्या हॅचरीतून, पिशवीत ऑक्सिजन भरून. हॅचरीचा रिपोर्ट सोबत असतो, विश्वास ठेवायचा तर ठेवा. आणि खरं सांगू का, आता व्हाइट स्पॉटपेक्षा ईएचपी नावाचा सूक्ष्म परजीवी जास्त खातोय. त्यात कोलंबी मरत नाही, पण वाढतही नाही. तीन महिने खाद्य घालायचं, एरेटरचं बिल भरायचं, आणि जाळं टाकलं की एक बोटाएवढी, शेजारची अर्ध्या बोटाची. तो बीजातच आहे का हे जो मला तळ्यावर सांगेल त्याला मी पैसे देईन, आणि आमच्या बाजूचे सगळे देतील.

सागरगोटी

बंड्यादादा, मोठा दगड टाकलात पाण्यात. दिरांना आत्ता फोन केला, ते म्हणाले 'हेच मी सांगत होतो'. (सांगत नव्हते!)

मृगशीर्ष

बंड्यांनी जे लिहिलं त्याने जागेचा प्रश्नच बदलतो, लक्षात आलं का?

प्रथिन पकडणाऱ्या पट्टीची संवेदनशीलता पीसीआरच्या जवळपासही नसते. बीजात विषाणू किंवा ईएचपी अगदी थोडा असतो, तो दिसायला आधी जनुकीय भाग वाढवून घ्यावा लागतो. म्हणजे लॅम्प किंवा आरपीए, एकाच तापमानाला चालणारी पद्धत, आणि निकाल वाचायला हवं तर शेवटी पट्टी. तसं केलंत तर व्हीपी२८ वगैरे बाजूला पडतं. ड्राय रूम लागेल, पण उशिरा. आधी लागतील वेगळ्या खोल्या: एकीत अभिकर्मक तयार करायचे, दुसरीत नमुन्यातून डीएनए काढायचा, तिसरीत वाढवायचा, आणि तिसरीतलं काहीही, अगदी एप्रनसुद्धा, पहिलीत परत न्यायचं नाही. लॅम्प तर याबाबतीत भलती हट्टी आहे. एक नळी चुकीच्या खोलीत उघडली की नंतर कित्येक दिवस साधं पाणीसुद्धा पॉझिटिव्ह येतं. एकाच मोठ्या हॉलमध्ये दहा कंपन्यांची टेबलं मांडलेला 'को-वर्किंग लॅब' प्रकार तुमच्यासाठी मग बाद.

म्हणून माझं मत: आत्ता कुठेही सही करू नका. ना महापे, ना पवई. आधी सीआयएफईला जाऊन ईएचपीवर काम करणाऱ्या एखाद्या शास्त्रज्ञाला भेटा, पॉझिटिव्ह नमुने कुठून मिळतील ते बघा. तुमच्या पद्धतीची तुलना प्रस्थापित पीसीआरशी करावीच लागणार आहे, ती त्यांच्याच छताखाली झाली तर कागदाला वजन येतं. पहिले प्रयोग यंत्रं तासावर किंवा दिवसावर देणाऱ्या ठिकाणी करा. बऱ्याच इन्क्युबेटरमध्ये बाहेरच्यांना पैसे भरून यंत्र वापरता येतं, हिस्सा-बिस्सा काही नाही. दोन-तीन महिन्यांत प्राइमर (हवा तो जनुकीय भाग शोधणारे डीएनएचे तुकडे) चालतात की नाही एवढं कळेल. मग बिगचा अर्ज, मग जागा.

सीए_कोलशेत

+१. आणि कंपनीची नोंदणीही तोवर थांबवा. बिगला व्यक्ती म्हणूनही अर्ज करता येतो, निवड झाल्यावर करारापूर्वी कंपनी काढायची. उगाच आधी काढली की पहिल्याच वर्षी ऑडिट, कंपनी निबंधकाचे (आरओसी) फॉर्म, माझी फी. (माझं नुकसान करून सांगतोय.)

नौपाडा_नाका

पण थांबण्याच्या काळात वर्गमित्र आणि तुमच्यात एक साधा करार लेखी हवा. कुणाचा किती वाटा, नोकरी कुणी कधी सोडायची, एक जण बाजूला झाला तर काय. मैत्रीत कुणी लिहीत नाही आणि मग माझ्याकडे दोघंही वेगवेगळे येतात.

बापू_खारघर

बंड्याने पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर एवढ्या पानांची चर्चा टळली असती. मी म्हटलंच होतं, आधी गिऱ्हाईक.

मृगशीर्ष

बापू, तुम्ही म्हटलं होतं इन्क्युबेटर नकोच. ते मान्य नाही. वेगळ्या खोल्या आणि पीसीआरची सोय असलेली लॅब दोन पगारदार माणसांनी कुठून आणायची? लागणार आहेच, फक्त नंतर आणि कशासाठी ते ठरवून.

सागरगोटी

ठरलं असं: अॅक्सिलरेटरला 'सध्या नाही' कळवलं. त्यांनी लगेच ६ वरून ४ टक्के केले, त्यावरून सीए साहेबांचा हिशेब पटला. वर्सोव्याला पुढच्या आठवड्यात वेळ मिळालीय. वर्गमित्र ईएचपीचे प्रकाशित प्राइमर वाचायला बसलाय. बंड्यादादा, बीजाचा पुढचा लॉट कधी उतरणार? नमुने घ्यायचेत, पैसे देऊन.

पेणचा_बंड्या

पैसे राहू द्या. पिशव्या सहसा पहाटे येतात, तळ्यावर यावं लागेल. पाण्याला जमवून घ्यायला आम्ही पिशव्या तळ्यात तरंगत ठेवतो, तेवढ्या वेळात घ्या काय घ्यायचं ते. शंभर-दीडशे पिल्लं चालतील का? आणि कशात नेणार? बर्फात नेलीत तर डीएनए राहतो का ते मला माहीत नाही.

मृगशीर्ष

९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाका, घट्ट झाकणाची नळी, पेन्सिलने लेबल. पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. प्रत्येक पिशवीतून थोडी थोडी घ्या, एकाच पिशवीतून दीडशे नको.

सागरगोटी

नोंद केली.

डोंबिवली_फास्ट_लोकल

छान चर्चा, वाचनखूण साठवली. जरा अवांतर: मुलगा बारावीला आहे, बीटेक बायोटेक म्हणतोय. ठाणे-नवी मुंबईत कुठलं कॉलेज बरं? नोकऱ्या आहेत का यात?

रबाळेकर

नवा धागा काढा हो. तिथे येतो, बरंच बोलायचंय.